घरच्या वर्कशॉपला कमी आवाजाचा डस्ट व्हॅक्यूम कुठला घ्यावा? (गल्लीतलं घर, सामाईक भिंत)

शहापूरचा_रंधा:
नमस्कार मंडळी. वर्षभर इथले धागे वाचायलोय, लिहितोय पहिल्यांदाच. बेळगावच्या शहापुरात गल्लीतलं जुनं घर आहे, मागं पत्र्याची पडवी, साधारण दहा बाय बारा फूट, तिथंच माझं सगळं लाकूडकाम चालतं, नोकरी असल्यानं संध्याकाळी सातनंतर नाहीतर रविवारी. हातरंधे आणि पटाश्या आजोबांच्या, त्यात आता राउटर (लाकडाला खाचा-कडा पाडायचं मशीन), ऑर्बिटल सँडर (पॉलिश पेपरनं घासायचं मशीन) आणि एक छोटा टेबल सॉ. लाकूड बहुतेक खानापूर भागात पाडलेल्या जुन्या घरांचं सागवान, मधेमधे एमडीएफ (लाकडाचा बारीक चोथा गोंदात दाबून केलेली फळी).

आजवर भुसा झाडूनंच काढला. पण गेल्या आठवड्यात सँडिंग केलं, हातपाय धुतले, जेवलो, तोवर लाईट गेले म्हणून मेणबत्ती बघायला पडवीत गेलो, मोबाईलचा टॉर्च लावला तर उजेडाच्या पट्ट्यात धूळ अशी तरंगत होती जसं काही आत्ताच मशीन बंद केलंय. तास होऊन गेला होता की हो. आणि ती पडवी आणि बाबांची खोली यांच्यात फक्त एक जुनं लाकडी दार, खाली बोटभर फट. बाबांना दमा आहे, पंप घेतात. त्या रात्री मला झोप आली नाही.

तेव्हा व्हॅक्यूम घ्यायचाच. अडचण आवाजाची आहे. शेजारच्या काकूंची आणि आमची भिंत एकच, त्यांचा नातू यंदा एसएसएलसीला, म्हणजे दहावीला. दुकानात एक मशीन चालू करून बघितलं तर कानात शिट्टी घुसल्यासारखं झालं. शांत चालणारा कुठला घ्यावा सांगा. बजेट वीस-पंचवीस हजार.

उद्यमबाग_वाइंडर:
मी मोटर रिवाइंडिंग करतो, म्हणून मोटरच्या बाजूनं सांगतो. डब्यावरचे वॅट बघून मशीन घेऊ नका. वॅट म्हणजे मशीन वीज किती खातं ते, धूळ किती ओढतं ते नव्हे. हवा किती वाहते आणि ओढ किती आहे हे दोन आकडे विचारा. व्हॅक्यूमची ओढ जबर पण हवा थोडी, त्यामुळं ३०-३५ मिमीच्या नळीतनं सँडरची, राउटरची धूळ छान येते. पिशवी लावलेला तो मोठा डस्ट कलेक्टर नेमका उलटा, हवा भरपूर पण ओढ कमी, त्याला १०० मिमीचा पाइप पाहिजे, प्लेनरचे (मशीनच्या रंध्याचे) छिलके उचलणं हे त्याचं काम. सँडरच्या बारीक तोंडाला कलेक्टर जोडला तर तिथं त्याचा दम निघतो. तुमच्याकडं प्लेनर नाही, तेव्हा तुम्हाला व्हॅक्यूमच बरोबर.

आता शिट्टी कुठनं येते ते. व्हॅक्यूममध्ये कार्बन ब्रशची युनिव्हर्सल मोटर असते, मिक्सरमध्ये असते तीच जात, मिनिटाला वीस हजार फेऱ्यांच्या वर जाते. चोवीस हजार धरा, म्हणजे सेकंदाला ४०० फेरे, पंख्याला ९ पाती असली की ३६०० हर्ट्झचा सूर झाला. माणसाचा कान दोन ते पाच हजार हर्ट्झमध्येच सगळ्यात तिखट, म्हणून तो टोचतो. कलेक्टरची इंडक्शन मोटर २८८० च्या आसपास फिरते, तिचा घूं घूं असतो, टोचत नाही. पण एक गोष्ट तुमच्या फायद्याची आहे, उंच सूर अडवायला सोपा. पेटीत, कापडात, रॉकवूलमध्ये (दगडाच्या तंतूंची न जळणारी लोकर) तो जिरतो. घूं आवाज मात्र भिंतीतनं पलीकडं जातोच.

टिळकवाडी_राउटर:
दादा, मी तुमच्यासारखीच चूक करून बसलोय म्हणून लिहितो. आधी स्वस्तातलं एक मशीन आणलं, कंपनीचं नाव घेत नाही. ओढायचं झकास. पंधरा दिवसांनी बघतो तर मशीनच्या मागं भिंतीवर, एक्झॉस्टच्या समोर, पिवळसर पिठाचा गोल डाग. म्हणजे जाडा भुसा डब्यात आणि बारीक धूळ सगळी फिल्टरमधनं आरपार, वर जोरात फुंकून घरभर. झाडू परवडला असता. फिल्टर म्हणजे नुसती कापडी टोपी होती, आणि ती जिथं बसते तिथलं रबर ढिलं.

दुसरं आवाजाचं. राउटर स्वतःच नव्वदच्या घरात ओरडतो. डेसिबलची बेरीज साधी नसते, ९० मध्ये ७५ मिळवले तर १६५ होत नाहीत, ९०.१ होतात. म्हणजे राउटर चालू असताना व्हॅक्यूम ७० चा आहे का ७५ चा, काकूंना काहीच फरक कळणार नाही. शांत मशीनसाठी दुप्पट पैसे मोजण्याआधी हा हिशोब करा.

शहापूरचा_रंधा:
हिशोब पटला, पण माझं काम बघा. राउटर आठवड्यातनं वीस मिनिटं. सँडर दीड-दोन तास. माझा सँडर राउटरसारखा ओरडत नाही, दार लावलं की बाहेर फारसा जाणवत नाही. त्यावर व्हॅक्यूम चढला तर तोच एकटा ऐकू येणार, तोही सलग.

टिळकवाडी_राउटर:
होय, हे मान्य. सँडर ७५ चा आणि व्हॅक्यूमही ७५ चा असला तर दोन्ही मिळून ७८. व्हॅक्यूम ६५ वर आणला की बेरीज ७५.४, म्हणजे नसल्यासारखाच. सँडरसाठी शांत मशीनला अर्थ आहे. माझं काम राउटरचं, मी माझ्याच चष्म्यातनं बघितलं.

वडगावचा_माग:
आमच्या घरात दोन पिढ्या माग चालले. बाबा आयुष्यभर पॉवरलूमच्या शेडमध्ये. आता सत्तरीत आहेत, समोर बसून बोललं तरी तोंडाकडं बघतात, ओठांवरनं शब्द ओळखतात. आई स्वयंपाकघरातनं हाक मारायची सोडून दिली, उठून त्यांच्यापर्यंत जाते आणि खांद्याला हात लावते. तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. आता तुम्हाला माहीत आहे, तर सँडर असो का राउटर, कानाला मफ लावल्याशिवाय स्विच दाबू नका. ८५ डेसिबलमध्ये आठ तास ही मर्यादा धरतात, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एकच.

शेजाऱ्यांचं म्हणाल तर २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमात निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल दिलेत, रात्र म्हणजे दहा ते सहा. तुम्ही सातला सुरू करून नऊला थांबलात तर नियमात रात्र होत नाही. पण एसएसएलसीच्या पोराला रात्र काय नि दिवस काय. मी तुमच्या जागी असतो तर मशीन आणायच्या आधी काकूंकडं जाऊन बसलो असतो, कुठल्या वेळेला तो अभ्यास करतो विचारलं असतं.

निपाणीची_लेक:
आवाजावर सगळे बोलतायत, मला धुळीवर बोलायचंय. माझी आई तंबाखूच्या वखारीत कामाला होती. संध्याकाळी घरी आली की पदर झटकायची आणि आम्हाला शिंका यायच्या. तिचा खोकला आम्ही ‘कामाचा खोकला’ म्हणायचो, जणू तो पगारासोबत येतो. तेव्हापासून धूळ म्हटलं की मी हलक्यात घेत नाही.

लाकडाची धूळ साधी नाही. जागतिक आरोग्य संघटनेची जी कर्करोग संशोधन संस्था आहे तिनं १९९५ मध्येच लाकडाची धूळ माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकली, त्यात नाकाच्या आतला कर्करोग मुख्य. एमडीएफमध्ये वर फॉर्माल्डिहाइडचं रेझिन. आणि जो भुसा डोळ्याला दिसतो, खाली पडतो, त्याच्यापेक्षा जो टॉर्चमध्ये तरंगताना दिसला ना तो बारीक जास्त वाईट, तोच फुफ्फुसात खोल जातो.

म्हणून मशीन घेताना क्लास विचारा. युरोपात एल, एम, एच असे तीन आहेत. एल म्हणजे जास्तीत जास्त १ टक्का धूळ पलीकडं जाऊ शकते, एम म्हणजे ०.१ टक्का, एच म्हणजे ०.००५ टक्के. लाकडाला तिकडं एम धरतात, आणि एमवाल्या मशीनला नळीतली हवा मंद झाली की भोंगा वाजवावाच लागतो, म्हणजे फिल्टर तुंबल्याचं आपोआप कळतं. तुमच्या बजेटात एम बसेलसं वाटत नाही. मग एल घ्या, पण आत फ्लीसची (लोकरीसारख्या जाड कापडाची) पिशवी, त्यामागं हेपा कार्ट्रिज (अगदी बारीक धूळ अडवणारा फिल्टर), आणि तोंडाला एन-९५. व्हॅक्यूम आला म्हणून मास्क काढू नका, बाबांच्या खोलीच्या दाराच्या फटीला आजच रबराची पट्टी लावा. ती स्वस्तात येते.

खानापूर_मेस्त्री:
मी धंद्यातला माणूस, तीस वर्षं झाली. तुमचं सगळं वाचलं. दोन गोष्टी सांगतो, बाकी तुम्ही शिकलेली माणसं.

पैली गोष्ट, सँडरच्या तव्याला भोकं असतात, पॉलिश पेपरलाही भोकं असतात, ती एकावर एक बसली पाहिजेत. निम्मी पोरं पेपर कसाही चिकटवतात आणि मग म्हणतात व्हॅक्यूम ओढत नाही. अहो ओढणार कुठनं, तोंड बंद करून सोडलंय त्याचं. बिनभोकाचा पेपर असेल तर तो फेकून द्या. जाळीचा पेपर मिळाला तर त्याच्याइतकं चांगलं काय नाही, महाग पडतो पण चालतो लै दिवस.

दुसरी, व्हॅक्यूमच्या आधी सायक्लोन बसवा. रंगाची वीस लिटरची बादली, झाकण हवाबंद, वर सायक्लोनचं नरसाळं. जाडा भुसा गरगर फिरून बादलीत पडतो, फिल्टरपर्यंत थोडंच पोचतं. नाहीतर सागवान करताना दर अर्ध्या तासाला फिल्टर झटकत बसाल, आणि झटकताना तीच धूळ तुमच्या तोंडावर. पण बादली जाड घ्या. माझी पैली बादली नळीत गाठ अडकल्यावर अशी आत चेपली जसा कुणी पाय दिलाय.

आणि सागवानाची धूळ अंगाला खाजते काही जणांना, शिसमाची त्याहून जास्त. माझ्या एका पोराच्या मनगटापासून कोपरापर्यंत पुरळ उठायचं फक्त शिसम केलं की. आम्हाला कळायलाच वर्ष गेलं. फुल बाहीचा शर्ट घालून सोडा.

शहापूरचा_रंधा:
मेस्त्री, पेपरची भोकं मी आजवर कधी बघितलीच नव्हती. आत्ता जाऊन बघितलं, निम्मी झाकलेली. ताई, रबराची पट्टी उद्या सकाळीच लावतो.

आता पेटीचं विचारतो. व्हॅक्यूम लाकडी पेटीत ठेवला, आतनं जुनी गोधडी लावली, तर शिट्टी जिरेल का?

उद्यमबाग_वाइंडर:
जिरेल, पण गोधडी नको. मशीन हजार-बाराशे वॅट खातं, ते सगळं शेवटी उष्णता होऊन त्या पेटीतच राहणार. जुना कापूस, त्यावर बारीक लाकडाची धूळ, आणि आत ब्रशच्या ठिणग्या असलेली मोटर, हे तिन्ही एकत्र नको. रॉकवूलचे स्लॅब लावा, वर पातळ कापड ताणून, म्हणजे त्याचे तंतू उडणार नाहीत. पेटी १८ मिमीची, फटी सिलिकॉननं बंद, खाली रबराचे पाय, आणि पेटी भिंतीला टेकवू नका, विशेषतः काकूंच्या भिंतीला.

हवा बाहेर जायला वाट मोठी ठेवा. ३५ मिमीच्या नळीचं तोंड साधारण १० चौरस सेंटिमीटर भरतं, बाहेरची वाट त्याच्या चारपाच पट करा, पण सरळ नको, दोनतीन वळणांची करा, प्रत्येक वळणाला रॉकवूल. हवा वळते, आवाज वळताना मरतो. शिवाय काही मशीनमध्ये मोटर थंड करायची हवा वेगळीकडनं आत येते, तशी असेल तर आत यायची वाटही तशीच वळणाची काढा. पंधरावीस मिनिटं चालवून पेटीत हात घालून बघा, भट्टीसारखं लागलं तर वाट कमी पडली.

टिळकवाडी_राउटर:
पेटी केली तर ऑटोस्टार्ट सॉकेटवालंच मशीन घ्या, म्हणजे सँडरचा स्विच दाबला की व्हॅक्यूम आपोआप चालू आणि सँडर बंद केल्यावर काही सेकंद चालून बंद. नाहीतर दर वेळेला पेटी उघडायची, आणि मग माणूस आळस करतो, चला दोन मिनिटांचंच सँडिंग आहे म्हणून व्हॅक्यूमशिवाय करतो. मी केलंय.

पण वायरिंग बघा. व्हॅक्यूम १२०० आणि राउटर १६००, मिळून २८०० वॅट, म्हणजे २३० व्होल्टला बारा अँपियरच्या वर. घरातलं साधं सॉकेट सहा अँपियरचं असतं. सोळाचं सॉकेट, वेगळी वायर, वेगळा एमसीबी (जास्त वीज ओढली की आपोआप पडणारा स्विच), आणि अर्थिंग खरोखर आहे का ते इलेक्ट्रिशियनकडनं तपासून घ्या. जुन्या घरात तिसरं भोक पुष्कळदा नुसतं शोभेला असतं.

वडगावचा_माग:
एक राहिलं. त्याच व्हॅक्यूमनं ग्राइंडरच्या ठिणग्या ओढू नका. लोखंडाची ठिणगी भुशाच्या पिशवीत जाऊन तासाभरानं पेट घेते, तोवर तुम्ही झोपलेले असता.

चंदगडी_पाऊस:
आमच्याकडं जुलै-ऑगस्टला हवाच ओली असते, बेळगावलाही वेगळं नाही. पावसाळ्यात फिल्टरवरची धूळ दमट होऊन पापुद्रा धरते, मग झटकून निघत नाही. काम झालं की पेटीचं झाकण उघडून मशीन रिकामंच पाच मिनिटं चालवा, वाहत्या हवेनं फिल्टर सुकतो. आणि ओलं ओढायचं असेल तर कागदी फिल्टर आधी काढा, एकदा भिजला की संपला.

संकेश्वरी:
मी लाकडी खेळणी करते, छोटी, सगळं सँडिंग हातानं. मशीनच नाही मग व्हॅक्यूमची नळी कुठं लावायची? खिडकीत एक्झॉस्ट फॅन लावला होता, पण धूळ मागच्या घराच्या वाळवणावर जायची, त्यांच्या पापडांवर एकदा गुलाबी रंगाची धूळ बसली, फार वाईट वाटलं. काढूनच टाकला.

खानापूर_मेस्त्री:
ताई, एक उथळ खोकं करा, दीड बाय एक फूट, वरच्या फळीला बोटाएवढी पुष्कळ भोकं, खालच्या बाजूला व्हॅक्यूमची नळी. त्या फळीवर खेळणं धरून घासायचं. धूळ खालीच ओढली जाते. खोकं लहानच ठेवा, मोठं केलं तर व्हॅक्यूमची हवा पुरत नाही. खेळणं लहान असेल तर लागत नसलेली भोकं पुठ्ठ्यानं झाका.

निपाणीची_लेक:
आणि खेळणी मुलांच्या तोंडात जाणार, तर शेवटी ओल्या फडक्यानं पुसून मगच रंग द्या.

शहापूरचा_रंधा:
मंडळी, महिन्यानं परत आलोय. आधी काकूंकडं जाऊन बसलो. नातू संध्याकाळी सहा ते आठ ट्यूशनला असतो, हे मला शेजारी राहून माहीत नव्हतं. आता सँडिंग सात ते आठ, आठनंतर फक्त हातरंधा आणि पटाशी. निम्मा प्रश्न तिथंच सुटला.

मशीन घेतलं एल क्लासचं, पंचवीस लिटर, ऑटोस्टार्ट सॉकेटचं, आत फ्लीस पिशवी आणि हेपा कार्ट्रिज. सायक्लोन जाड बादलीवर. सँडरचं तोंड आणि नळी जुळत नव्हती, सायकलच्या ट्यूबचा वीतभर तुकडा ओढून बसवला, वर क्लिप, एकदम घट्ट.

जोडण्या तपासायला उदबत्ती लावली. मशीन चालू करून प्रत्येक सांध्यापाशी धरली, धूर आत वळला की तिथं गळती. तीन ठिकाणी सापडली, सगळ्यात मोठी बादलीच्या झाकणाला. खिडकीची फोम पट्टी चिकटवल्यावर धूर सरळ वर जायला लागला. मग एक्झॉस्टसमोर ओलं पांढरं फडकं बांधून दोन दिवस काम केलं. फडकं पांढरंच राहिलं.

पेटी वाइंडर दादांनी सांगितली तशीच, फक्त वळणं दोन केली, तिसऱ्याला जागा नव्हती. फोनच्या अॅपचे आकडे खरे मानू नयेत, पण एकाच फोनवर आधी-नंतर बघता येतं, पेटीबाहेर दहाएक डेसिबल उतरले आणि ती शिट्टी गेली, उरला तो वाऱ्यासारखा सूं आवाज. वीस मिनिटांनी आत हात घातला, कोमट.

आणि परवा मुद्दाम लाईट बंद करून, सँडिंगनंतर अर्ध्या तासानं टॉर्च लावला. धूळ आहे, अजिबात नाही असं नाही. पण आधी पट्टा होता, आता मोजता येतील असे कण. बाबांच्या खोलीत कपाटाच्या वरच्या काचेवर बोट फिरवलं, स्वच्छ. त्यांनी विचारलं काय बघतोस, मी काही बोललो नाही.

निपाणीची_लेक:
वाचून डोळ्यात पाणी आलं. उरलेल्या कणांसाठी काम संपल्यावर व्हॅक्यूम अजून दहा मिनिटं चालू ठेवा, आणि तोवर मास्क काढू नका.

टिळकवाडी_राउटर:
बादली किती दिवसांत भरते? आणि एवढा भुसा टाकता कुठं? आमच्याकडं कचऱ्याची गाडी कुरकुर करते.

शहापूरचा_रंधा:
आठवड्याला अर्धी. सागवानाचा भुसा शेजारच्या काकू नेतात, त्यांच्याकडं अजून तांब्याचा बंब आहे, पेटवायला चालतो. एमडीएफ आणि प्लायचा भुसा मी वेगळ्या पिशवीत बांधतो आणि त्यावर तसं लिहून ठेवतो, त्यात गोंद असतो, तो बंबात जाता कामा नये. म्हणून आता एमडीएफ करायच्या आधी बादली रिकामी करून घेतो, मिसळू देत नाही.